पत्त्यातलं नाव

क्लाक्सविकमध्ये दाराला कडी लावत नाहीत.
शेजारी सरळ आत येतो, बूट काढतो,
हाक मारतो ती त्यानंतर.

बंदराच्या कचेरीत मात्र
सकाळी आठपासून ही एवढीशी खिडकी
मला दारात उभं करून विचारतेय:
पासवर्ड?

मी देते.
ती जरा विचारात पडल्यासारखं करते
आणि ये रे माझ्या मागल्या:
पासवर्ड?

बदल एका ओळीचा आहे.
शुक्रवारची बोट चारऐवजी साडेचारला.
बोटीवरून त्रोंदुरचे दोन फोन झाले.
बाहेर वारा असा, की मेंढ्यासुद्धा
भिंतीला अंग घासून उभ्या.

एयुन फोनवर एकेक उपाय सांगतो.
कॅप्स लॉक बघ. बघितला.
साठवलेले जुने पासवर्ड पुसून टाक. पुसले.
नवीन टोकन काढ. काढलं,
कागदावर उतरवलं, अक्षर अन् अक्षर जुळवलं.
पालथ्या घड्यावर पाणी.
नवव्यांदा तर मी पासवर्डच्या जागी
एक शिवी टाइप केली.
तीही नाकारली, तितक्याच अदबीनं.

"नक्की काय लिहिलंय तिथे? मोठ्यानं वाच."
वाचते. पासवर्ड हवा आहे, अमुक सर्व्हरसाठी,
आणि त्याच्या आधी, फिकट करड्या अक्षरांत,
हानुस.

मी थांबते.
एयुनही पलीकडे थांबतो.

ऑक्टोबरात निवृत्त झाला हानुस.
खुर्ची मला दिली, कान तुटलेला कप दिला,
प्रिंटर कुठे थोपटायचा ते दाखवलं,
आणि या मशीनवर रिमोटच्या पत्त्यात
स्वतःचं नाव तसंच विसरून गेला.
म्हणजे प्रश्न मला नव्हताच कधी.
खिडकी त्याला हाक मारत होती
आणि ओ मी देत होते,
खऱ्या किल्लीनं, दुसऱ्याच्या कुलपाला.

पत्ता उघडला. पाच अक्षरं खोडली,
आणि त्यांच्यामागचं ते गोल शेपटीचं चिन्ह.
पुश.
खिडकीनं एकदाच विचारलं: कोण?
रानवा, म्हटलं.
गेलं.

खाली इतिहासात अकरा वर्षांचे त्याचे कमिट.
"वेळ दुरुस्त." "वेळ पुन्हा दुरुस्त."
"धुकं. सगळं रद्द."
तिथलं त्याचं नाव कुणी खोडत नाही.

फोन वाजतो. त्रोंदुर, तिसऱ्यांदा.
"साडेचार ना?"
साडेचार.