कोरी बाटली

माहीमच्या खाडीतलं एकाच डुबकीचं पाणी
दोन बाटल्यांत, दोन प्रयोगशाळांत गेलं.
एकीनं शिसं सांगितलं एक्केचाळीस,
दुसरीनं सतरा.
मधल्या चोवीसात
गाळ उपसायचं काम रुतून बसलं.

मग सगळे एका टेबलाभोवती.
किती वाजता घेतलं? बर्फात किती तास?
झाकण कुणाच्या हातचं?
कलमाला कलम, चहावर चहा.
होडीवाल्या हेमांगी तांडेल कंटाळून म्हणाल्या,
"उधाणाची भरती होती का भांगाची,
ते कुणीच नाय लिवलं."
आणि खोली किती ते सांगायला
दोन्ही हात पसरले: एक वाव.
दोघांच्याही तक्त्यात
एकच नवा रकाना आला.

पुढच्या खेपेला कोरी बाटली नेली,
शुद्ध पाण्याची.
होडीत एकदा उघडली, मिटली,
खाडीला न शिवता परत आणली.
तिनं शून्य म्हणायला हवं होतं.

म्हणाली तीन.

यात खाडी नव्हती.
आमचे हातमोजे, आमचा डबा,
उन्हं चढायच्या आत आटपायची आमची घाई.

कुणी म्हणालं, तीन म्हणजे काय मोठंसं.
मी खाडीचा आकडा लिहिण्याआधी
आमचा लिहिला.