कारणाचा रकाना

मेडिकलच्या त्वचा विभागात
केसपेपर फाडतो मी, बावीस वर्षं झाली.
गजकर्णाला आमच्याकडे नुसतं 'गोल' म्हणतात.
सक्करदऱ्याच्या आखाड्यातली पोरं
मानेवर, काखेत गोल घेऊन यायची,
सात जणांत एक पंचा.

त्या वर्षी आखाड्याला कुलूप.
पोरं आलीच नाहीत.
साहेब म्हणाले, बघा, हात धुतल्यानं फरक पडतो.
मी म्हटलं, किंवा बसच बंद आहे, साहेब.
साहेब हसले नाहीत.

मग मे महिना. सेहेचाळीस डिग्री.
कोविड वॉर्डातून गजघाटे सिस्टर आल्या.
हातमोजा उलटा केला
तर घामाचं पाणी फरशीवर सांडलं.
बोटांच्या बेचक्यांत कातडी
भिजल्या पोह्यासारखी, पांढरी.
"दिवसातून साठदा धुतो, बाप्पा.
वाळवायले कोन वेळ देते?"

रजिस्टरात कारणाचा रकाना असतो.
तिथं मी डोळे मिटून लिहीत आलो: अस्वच्छता.
पेन टेकवलं. ठिपका झाला, वाढत गेला.
पुढे काही सुचेना.

टेबलावरचा पंखा तेवढा
त्यांच्या हातांकडे वळवला.