थ्रेडबेअर

पहिल्यांदा तो शब्द मला टाइप करावा लागला.
सभेचं इतिवृत्त, विषय क्रमांक चार :
टिमकीच्या शेडमधले बंद माग भंगारात काढणे.
साहेबांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं
की विषयावर थ्रेडबेअर चर्चा झाली.
मी होते त्या खोलीत.
चहा दोनदा आला, समोसे एकदा,
चर्चा सहा मिनिटं.

थ्रेड मला येत होतं. बेअर म्हणजे अस्वल, असं वाटलं,
स्पेलिंगही अस्वलाचंच ठोकलं.
तीन प्रती काढल्या,
तिन्हींवर सह्या झाल्या.

इंदोऱ्याला वासनिक सरांचा वर्ग असतो, संध्याकाळी सातचा.
मे महिना. कूलरची ताटी वाळलेली,
वारा यायचा तो भट्टीतून आल्यासारखा.
सर तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासायचे,
अजूनही बोलताना चूक ऐकली
की त्यांचा अंगठा हवेत काट मारतो.
अस्वल ऐकून ते हसले नाहीत.
फळ्यावर लिहिलं आणि मधोमध खडूनं रेघ ओढली :
इकडे दोरा, तिकडे उघडा.

विशेषण आहे, म्हणाले. गालिच्याला लावा, कोटाला लावा.
शंभरदा सांगून झालेल्या सबबीला लावा.
मागच्या बाकावरचा निखिल लगेच म्हणाला,
म्हणजे सर, माझी पंक्चरची सबब!
आणि माणसाला?
मी विचारलं.
सरांनी कोश उघडला, चष्मा कपाळावर ढकलला.
लागतं, म्हणाले, पण अर्थ होतो
की त्याचे कपडे तसे आहेत.

घरी बाबा जेवून ओट्यावर बसलेले.
एकोणचाळीस वर्षं माग चालवला त्यांनी,
आता सदरबाजारात एका दुकानाचं शटर सांभाळतात
आणि रोज खळ घातलेला सदरा घालतात.
मी आईचं जुनं पाटल त्यांच्यापुढे धरलं, ज्याचं आता पोतेरं झालंय.
याला काय म्हणता तुम्ही?
त्यांनी ते बल्बसमोर नेलं.
दोन्ही हातांत ताणलं, पण जपून,
जसं गिऱ्हाइकापुढे नवं धरायचे.
"विरलं."
म्हणजे फाटलं?
"नोहे व. फाटलं तं एका जागी फाटते.
त्याले ठिगळ लागते.
विरलं ते समद्या अंगानं जाते.
आधी बाणा झिजते, मंग ताणा दिसते,
अन् ठिगळ लावाले सुई टोचली
तं सुईच्याच भोकातून चालू होते."

मी इंग्रजी शब्द सांगितला.
थ्रेड त्यांनी लगेच ओळखलं.
"रिळावर राहते तेच न?"
लाल कागदावरची ती काळी अक्षरं,
वाचता येत नसताना पाठ झालेली.
"अन् दुसरं?"
उघडं, मी म्हटलं.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
शेजारच्या हेडाऊंच्या टीव्हीवर कुणीतरी कुणालातरी हरवलं, फटाके वाजले.
"इंग्रजाच्या घरीबी कोष्टी होते म्हणा की," बाबा म्हणाले.

गृहपाठ होता : नव्या विशेषणाची तीन वाक्यं.
पहिलं गालिच्याचं लिहिलं, जो आमच्या घरात कधी नव्हता.
दुसरं निखिलच्या पंक्चरचं.
तिसऱ्याला रात्रीचे साडेअकरा झाले.
बाबा आत झोपलेले, सदरा खुंटीला,
खळीनं अजून ताठ,
खांदे असल्यासारखा.
लिहिलं : माझ्या वडिलांचा सदरा नवा आहे.
माझे वडील थ्रेडबेअर आहेत.

सरांनी वही परत दिली तेव्हा
पहिल्या वाक्यात एक आर्टिकल घातलं होतं लाल शाईनं,
दुसऱ्यात काळ बदलला होता.
तिसऱ्याखाली
त्यांनी पेन टेकवलेलं दिसत होतं,
शाईचा एक ठिपका,
मागच्या पानावर उमटलेला.

सोमवारी ऑफिसात फाइल काढली.
तीन प्रतींमधलं अस्वल
पांढरी शाई लावून पुसायचं होतं.
दोन पुसली. एक राहू दिलं.