टिळकवाडीतली भरती

जुलैत शमिता हरिकंत्र कारवारहून आली
ओल्या गोणपाटात शंभर शेंगा गुंडाळून.
शेवग्यागत लांब, हिरव्या, बुडाशी टोकदार.
बिया कुठं हायत, मी विचारलं.
ह्याच की बिया, भरमाण्णा.
कांदळाची बी झाडावरच रुजते,
आईच्या अंगावर हातभर वाढते,
मग सुटते. खाली चिखलात
उभीच रुतते.

आमचा थोरला असाच, मी म्हटलं.
तीस झाली, अजून सुटायचं नाव नाही.

कॉलेजच्या मागं शेडात पाच टब.
मीठ तोलून घालायचं काम माझं:
लिटरला पाच ग्रॅम, पंधरा, पंचवीस, पस्तीस,
आणि एकात काहीच नाही.
तिनं इंग्रजी चिठ्ठ्या चिकटवल्या,
ऑफिसातनं कन्नडमध्ये टाइप होऊन दुसऱ्या आल्या,
मी आपला खडूनं, माझ्यापुरतं लिहिलं
गोडं, सपक, मचूळ, खारट,
शेवटच्यावर नुसतं: समुद्र.

पाणी भरून ठेवून भागत नाही, ती म्हणाली,
ते यायला पाहिजे आणि जायला पाहिजे,
मुळं उघड्या चिखलात श्वास घेतात.
भिंतीवर कारवार बंदराचं कोष्टक लावलं तिनं.
समुद्रापासून अडीच हजार फूट वर,
जिथं नळाला चौथ्या दिवशी पाणी,
तिथं मी रोज दोनदा भरती आणू लागलो
बादलीनं.
ओहोटी सोपी. बूच काढायचं.

पण भरती रोज पन्नास मिनिटं मागं सरकते.
आज अकरा, उद्या बाराला दहा कमी,
परवा पाऊण वाजायला आला.
सव्वीस वर्षं साहेबाच्या घड्याळावर काढली,
आता चंद्राच्या हाताखाली.
रात्री दीडला सायकल काढताना बायकोनं दिवा लावला.
कुठं निघालाय?
भरती करायला.
ह्या वयात मिलिटरीत कोण घेतंय तुम्हाला?

गोड्यातली आधी उसळली.
पहिली दोन पानं त्यांचीच, सगळे बघून गेले,
मग कडेनं पिवळी पडत आली.
समुद्रातली कोंब मिटून बसली दीड महिना,
पानं आली ती रुपयाएवढी, चामड्यागत जाड.
मेली नाहीत मात्र.
जांभळीच्या सावलीत ठेवलेली काटकुळी,
उजेडाकडं मान वाकडी करून.
आणि मचूळमधली!
फूटपट्टी पुरेना, शिंप्याचा टेप आणला.

डिसेंबरात थंडी पडली. सगळीच थांबली.
तीन आठवडे वहीत तेच आकडे खाली खाली.
एका रात्री मला राहवलं नाही,
कडेच्या ओळीवर घरचं घोंगडं टाकलं.
सकाळी शमितानं बघितलं, काही बोलली नाही,
त्या ओळीवर लाल पेनानं काट मारली.
भरमाण्णा, हे आता मोजता येत नाही.
मला वाईट वाटलं.
ती रोपं मात्र बरी दिसत होती.

मार्चात खानापूर, रामनगर, अणशीचा घाट,
मांडीवर टब घेऊन एसटीत.
कंडक्टरनं विचारलं, मिरची काय?
काद्र्याच्या खाली काळी नदी रुंद होत गेली,
वाऱ्याला वास आला,
पाच नंबरच्या टबाचा.

कडवाडला गुडघाभर चिखलात लावणी केली,
काट मारलेली ओळ सुद्धा.
मग बांधावर बसलो. भाकरी सोडली.
तीन वाजून दहा मिनिटांनी,
कोष्टकात होतं तसं,
पाणी चिखलावरनं हळूच पुढं आलं,
एकेका रोपाच्या बुडाला लागलं,
मागच्याकडं गेलं.

माझा हात बादलीसाठी गेला, सवयीनं.
शमितानं लोणच्याची फोड ठेवली त्याच्यावर.