बिनपायरीचं कोर्ट

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, म्हणतात.
मी कुठे चढलो?
डुलुथमध्ये, उणे बावीसात, हीटरला पाय लावून बसलो होतो
आणि कोर्टच ईमेलने घरात आलं,
जाहिरातींच्या ढिगात, गुडघेदुखीच्या तेलाखाली.
उत्तराला वीस दिवस. त्यातले नऊ तिथेच पडून गेलेले.

सॅन होजेची एक कंपनी. झोप विकते.
फोनमधून पावसाचा आवाज ऐकवते, महिना बारा डॉलर.
तिचं नाव आणि माझं आडनाव
इंग्रजीत तीच चार अक्षरं.
साने तिकडे जाताना काना गळतो, मात्रा गळते,
उरतं त्याचा अर्थ शहाणा.
चाळीस वर्षं पोस्टमन मला मिस्टर सेन म्हणतो,
बंगाली केलं तरी मी दावा लावला नाही.

शहाण्णव साली घेतला तो पत्ता.
शंभर डॉलर, दोन वर्षांचे.
उषा म्हणाली, एवढ्यात मिक्सर आला असता.
मग तिनेच त्यावर मेतकुटाचं प्रमाण टाकलं,
आणि केदारच्या पहिल्या दाताचा फोटो.
कंपनी तेव्हा जन्मायची होती.
तिचे मालक बहुधा
केदारसारखेच हिरड्या चावत रडत असतील.

अर्जात लिहिलंय: हेतू दुष्ट.
पान बारा: प्रतिवादी या नावाचा काहीच उपयोग करत नाही.
खरं आहे.
नावाचा काय उपयोग करतात?
हाक आली की वळून बघायचं, एवढाच.

पंच म्हणजे पाच, असं लहानपणी वाटायचं.
इथे एकच. तीन हवे तर निम्मी फी मी भरायची,
आणि भट्टीचा पंखा त्याच आठवड्यात गेलेला.
कोणाच्या ओट्यावर न्याय करायचा, तेही फिर्यादी ठरवतो.
ज्या ओट्याला पुन्हा पुन्हा गिऱ्हाईक हवं
तो कोणाकडे बघून चहा टाकील?
पंचांचं नाव व्हिटकोम ऑर. सभ्य असतील.
मागच्या जूनमध्ये हेच ऑरसाहेब
अशाच दाव्यात एका गादीवाल्या कंपनीचे वकील होते.
मी तसं कळवलं.
उत्तर आलं: नोंद घेतली.

वंशावळ पाठवली, अकरा पिढ्या.
सोबत भाषांतर नसल्याने विचारात घेतली नाही.
पासपोर्ट पाठवला.
आडनाव असणं वेगळं, त्याने ओळखलं जाणं वेगळं,
असं निकालात आहे, परिच्छेद सहा.
समोरासमोर कोणी कोणाला पाहिलं नाही.
मला फक्त एकदा त्यांना
माझं आडनाव तोंडाने म्हणून दाखवायचं होतं.

केदार म्हणतो, बाबा, दहा दिवसांत खऱ्या कोर्टात जाता येतं.
आहे ना. तिथे खऱ्या पायऱ्या आहेत,
बर्फ साचलेल्या.

मालूताईला तेवढं सांगायचं राहिलंय.
ब्याऐंशीची, संगमनेरला, एका बोटाने टाइप करते,
दर रविवारी, त्याच पत्त्यावर.
कालही पाठवलं असेल:
तिकडे थंडी फार म्हणे. कानाला रुमाल बांध.
सॅन होजेत कोणीतरी उघडेल.
तिथे थंडी नसते.
तरी बांधावा.