क्लूजहून आलेला फॉर्म

मंचाची रुंदी अकरा मीटर, खोली नऊ.
उतार आहे. कागदावर चार टक्के,
पोटऱ्यांत मात्र सात;
नाचणाऱ्या मुलींना आधीच सांगून ठेवा.

आसनं पाचशे अठ्ठ्याऐंशी.
पाचशे नव्वद होती, दोन त्या खांबाने खाल्ली
जो भूकंपानंतर मध्येच उभा केला
आणि तात्पुरता आहे म्हणून सांगितलं.
मी तेव्हा सहावीत होतो.
आता निवृत्तीला दोन वर्षं उरली.

पडद्यांचे दोर: एकोणतीस, सगळे हाताने ओढायचे.
गव्हाच्या व्यापाऱ्यांनी बांधलेलं घर हे.
हिवाळ्यात डॅन्यूब गोठली की
बंदरावरचे रिकामे खलाशी धरून आणत,
आणि त्यांना शिट्टीचीच भाषा यायची.
एक शिट्टी: जंगल वर.
दोन: राजवाडा खाली.
म्हणून आजही आमच्या मंचावर शिट्टी वाजवत नाहीत.
कुणाच्या डोक्यात राजवाडा पडायला नको.
तुमच्या साउंडवाल्याला बजावा. तो तरुण असणार.

विजेचा भार: रकाना छोटा आहे, मागच्या पानावर लिहिलंय.

व्हीलचेअर: औषधाच्या दुकानाशेजारच्या गल्लीतून.
घंटा दाबा आणि थांबा. पुन्हा दाबू नका.
सेव्हास्तिता येतेच, पण दुसऱ्या घंटेने ती चिडते.

मेकअपच्या खोल्या चार, गरम पाणी दोघींत.
तिसरीच्या आरशावर कुणीतरी अंगठीच्या खड्याने
कोरून ठेवलंय: आज चौदा माणसं.
तारीख नाही.
आरसा बदलायचा ठराव दोनदा झाला.

हीटिंग: होय.
आता होय.

त्या वर्षांत वरून हुकूम होता, सभागृह बारा अंशांवर.
बारा आम्ही कधी पाहिले नाहीत.
कोट ठेवायच्या सहाशे खुंट्या हिवाळाभर उघड्या;
लोक ओव्हरकोटात, टोप्यांत, शालींत बसायचे
आणि टाळ्या हातमोज्यांतून यायच्या,
मऊ,
लांब कुणी सतरंज्या झटकत असल्यासारख्या.
मंचाच्या ओठावर, प्रॉम्प्टरच्या पेटीत,
झाम्फिराबाई. पायाखाली चुलीवर तापवलेली वीट.
आमच्या भाषेत प्रॉम्प्टरला फुंकर घालणारा म्हणतात.
तिची फुंकर तेव्हा दिसायची.
पेटीतून वाफ निघाली की पार बाल्कनीपर्यंत कळे
कोण विसरलं, आणि कुठे.

एका रात्री म्हातारा लेओंते राजा होता,
मुलाला निरोप देता देता थांबला.
वाफ आली.
तो थांबलेलाच.
पुन्हा वाफ, जरा मोठी.
मग तिसऱ्या रांगेतून कुणाच्या तरी तोंडातून एक,
मग खांबामागून, मग वरून.
शब्द कुणालाच ठाऊक नव्हते.
नुसता श्वास सोडत होते त्याच्या दिशेने,
आवाज न करता.
आवाज न करणं तेव्हा सगळ्यांना पाठ होतं.

त्याला पुढचं आठवलं का, ते मला आठवत नाही.
मी वर सोळाव्या दोरावर होतो,
बोटं दोराची झाली होती,
आणि खाली सभागृह
दावणीला बांधलेल्या गुरांसारखं
उबदार दिसत होतं.

मंचावर काही अडथळे?
नाही.
पुढे मध्यभागी एक चौकोन आहे,
प्लायवूडने बुजवलेला, वरून काळा रंग.
वजन पेलतो, पियानो ठेवून पाहिलाय.
फक्त टाच पडली की तिथे आवाज वेगळा येतो.
तुमच्यातलं कुणी गोंधळलंच
तर त्याला तिथवर चालत येऊ द्या.
खात्री देत नाही. फॉर्ममध्ये विचारलंय म्हणून लिहितो.

पार्किंग: दोन गाड्या, मागच्या अंगणात.
सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारा,
आत मांजर झोपलेलं असतं.