मापात पाप

फॉरफरमध्ये तीस वर्षं वजनमापं तपासली मी.
खाटकांचे काटे, कोळशाची पोती,
पबमधले पेलेसुद्धा.
दांडी मारणारा माणूस
‘या बाई, काय गारठा हा’ म्हणायचा
तेवढ्यावरच कळायचा मला.

तोच पितळी तराजू आता स्वयंपाकघरात,
केटलीशेजारी.
पारड्यात चांदीचा एक मर्क,
मुकुट घातलेलं काटेरी फूल.
पावणेसात ग्रॅम हवा.
भरतो सहाच्या आत.

कडेला लॅटिनमध्ये लिहिलंय: राजाला देव राखतो.
त्यातलं ‘राखतो’
कुणीतरी कातरून नेलंय.

भिंगातून कात्रीच्या खुणा दिसतात,
तीन जागी, सावकाश केलेल्या.
खिडकीपाशी बसला असेल.
किंवा बसली असेल.
तेवढ्या चुऱ्यात काय आलं असेल,
ओटचं पीठ, की नुसतं मीठ?
सापडते तर जिवानिशी जाते.

पुढे दोन राज्यांचं एक झालं.
फर्मान निघालं, जुनी चांदी एडिनबराला आणा,
टांकसाळीत वितळवू, नवी न्या.
शहाण्यांनी नेली.
हा मर्क मात्र कुणी नेला नाही,
लपवला, किंवा विसरले नुसते.

म्हणजे एकाने कातरला, एकाने दडवला,
म्हणून तो माझ्यापर्यंत पोचला.
भरल्या वजनाचे, सांगितलं ऐकणारे
भट्टीत गेले.

लिलावात टॅम ड्रायसडेल कानाशी लागला,
‘इसोबेल, थोडे अजून टाक,
खणखणीत नग देतो, कड शाबूत.’
नको म्हटलं.
का, ते त्याला सांगता आलं नाही.

आरब्रोथला नेटी कारगिल मासे धुरवायची.
त्र्याऐंशी साल, तिच्या पारड्याखाली
शिशाची चकती सापडली, बटणाएवढी.
मी लिहून घेतलं. ती वाद घालत बसली नाही,
दोन हॅडॉक कागदात बांधून पुढे केले.
नियमाप्रमाणे परत केले मी.
परवा गेले होते, दुकानात आता
मोबाइलची कव्हरं विकतात.

रात्री एका बाजूला वजनं ठेवते,
दुसरीकडे मर्क.
दांडी कलते, कलणारच.
कधीतरी मग करंगळी टेकवते
मर्कच्या पारड्यावर,
अगदी हलकी,
काटा मधोमध येईपर्यंत.